यीस्टच्या पेशींतील मालवाहतूक

[नभोवाणीवरील भाषण]

आज ज्या विषयावर बोलण्याचें मीं पत्करलें आहे, तो माझ्या अधिकाराबाहेरचा आहे हें प्रथमच सांगून टाकतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. आयुष्याचीं बत्तीस वर्षें आठवीच्या वर्गाला इतर विषयांबरोबर सामान्य विज्ञानही शिकविलें, आणि दर वर्षीं एकदां फळ्यावर पेशीचें चित्र काढलें. मध्यें केंद्रक, त्याच्या भोंवतीं आंतर्द्रव्यजालिकेच्या नागमोडी रेघा, आणि एका बाजूस एकावर एक ठेवलेल्या पांच-सहा वांकड्या चकत्या. ही चकत्यांची चवड म्हणजे गॉल्जी पिंड. "पोळ्यांच्या चवडीसारखा दिसतो," असें मी सांगें, मुलें हंसत, आणि "पेशींत तयार झालेल्या मालावर संस्कार करून तो योग्य ठिकाणीं पाठविणें हें गॉल्जी पिंडाचें कार्य होय," हें वाक्य सर्वांच्या वहींत उतरे.

एका वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, पण हा पिंड मुळांत येतो कोठून? पोळ्या तर आई लाटते." वर्ग हंसला. मला उत्तर येत नव्हतें. तसें कबूल करण्याऐवजीं, "परीक्षेला विचारतात तेवढें पाठ कर," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. त्यानंतर विज्ञानाच्या तासाला त्या मुलाचा हात वर झालेला मला आठवत नाहीं.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, गेलीं कांहीं वर्षें मधुमेहामुळें मला रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. एके दिवशीं सहज चाळा म्हणून चष्मा पुसून त्या बाटलीवरचीं बारीक अक्षरें वाचूं लागलों, तों हें इन्सुलिन यीस्टकडून करवून घेतलेलें आहे असा उल्लेख त्यांत आढळला. पाव फुगविणारें यीस्ट मनुष्याच्या शरीरांतील द्रव्य कसें बनवितें, हें कोडें कांहीं मला सुटेना. माझी पुतणी महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकविते, तिला विचारलें. ती म्हणाली, "काका, तुमच्या बाटलींतलें इन्सुलिन यीस्टच्या गॉल्जीमधूनच बाहेर पडलेलें आहे. आणि गॉल्जी येतो कोठून, याचा उलगडाही पुष्कळसा यीस्टनेंच केला." तिनें पुस्तकें आणून दिलीं, अडलें तेथें समजावून दिलें, आणि त्या मुलाचें राहिलेलें देणें फेडण्याची संधि मला मिळाली. आजचें भाषण म्हणजे त्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे.

प्रथम यीस्टची ओळख करून घेऊं. वाण्याकडे मिळणारे यीस्टचे भुरे दाणे साखर घातलेल्या कोमट पाण्यांत टाकले कीं थोड्याच वेळांत फेंस चढूं लागतो, हें पुष्कळ गृहिणींना ठाऊक आहे. गोव्याकडे पूर्वीं पाववाले पीठ फुगविण्यासाठीं माडाची सूर वापरीत. त्या सुरेंतला कर्ता यीस्टच. या दाण्यांत असंख्य जिवंत पेशी असतात. एक पेशी सुमारें ५ मायक्रॉन रुंद, म्हणजे एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर अशा दोनशें पेशी बसाव्या. पेशीच्या अंगावर कोंब फुटतो, तो वाढतो, आणि सुटून निराळी पेशी बनतो. खाणेंपिणें व उबारा नीट असेल तर सुमारें दीड तासांत एकीच्या दोन होतात. इतकी क्षुद्र असूनही ही पेशी जंतूंपेक्षां आपल्या अधिक जवळची आहे. आपल्या पेशींप्रमाणें तिच्यांत केंद्रक आहे, जालिका आहे, गॉल्जीही आहे. १९९६ सालीं तिच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन पुरें झालें, तेव्हां त्यांत सुमारें ६,००० जनुकें आढळलीं.

या पेशीला बाहेर माल पाठविण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. उसाची साखर यीस्ट मुख्यतः पेशीच्या बाहेरच फोडतें. त्यासाठीं इन्व्हर्टेज नांवाचें प्रथिन त्याला पटलापलीकडे भिंतीजवळ धाडावें लागतें. शिवाय कोंब वाढावयाचा तर नवें पटल आणि भिंतीचें साहित्य नेमकें त्या कोंबाशींच पोंचलें पाहिजे. आतां प्रथिन कांहीं पेशीच्या पटलांतून आरपार निघून जाऊं शकत नाहीं. तें प्रथम जालिकेच्या पोकळींत शिरतें. जालिकेच्या पटलाला एक फुगवटी येते आणि तिची इवलीशी पिशवी तुटून निघते. शास्त्रांत तिला पुटिका म्हणतात. तिचा व्यास साठ-सत्तर नॅनोमीटर, म्हणजे मघांच्या मिलिमीटरभर रेघेवर अशा पंधरा हजार पुटिका बसतील. ही पुटिका गॉल्जीकडे जाते. तेथें मालावर संस्कार होतात: प्रथिनांना साखरेच्या सांखळ्या जोडल्या जातात, कांहींचे तुकडे छाटले जातात. अखेर गॉल्जीपासून निराळ्या, जराशा मोठ्या पुटिका निघतात, पेशीच्या बाह्य पटलाला जाऊन मिळतात, आणि त्यांतला माल बाहेर पडतो.

एवढा मार्ग कळण्यासही बराच काळ गेला. इटलींतील पाव्हिया येथील कामिल्लो गॉल्जी यांनीं १८९८ सालीं घुबडाच्या मेंदूंतील पेशी रौप्यक्षारांच्या योगानें रंगवून पाहिल्या, तेव्हां त्यांना आंत एक काळें जाळें दिसलें. हें जाळें खरोखरच पेशींत असतें, कीं रंगविण्याच्या खटाटोपांतून उत्पन्न झालेला तो केवळ भास आहे, यावर विद्वानांत पुढें पन्नास वर्षें वाद चालला. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं चकत्यांची चवड स्पष्ट दिसली, तेव्हां कोठें तो मिटला. त्यानंतर जॉर्ज पलाडे आणि त्यांचे सहकारी यांनीं गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींतील प्रथिनांना किरणोत्सर्गी खूण लावली आणि तीं जालिका, गॉल्जी, पुटिका अशा क्रमानें बाहेर कशीं जातात हें दाखवून दिलें. पलाडे यांना १९७४ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. वाट सांपडली होती. पण त्या वाटेवर पुटिका कोण घडवितें, तिला कोण नेतें, आणि योग्य दारींच ती कशी थांबते, हें कोणालाच सांगतां येत नव्हतें.

येथें कॅलिफोर्नियांतील बर्कली येथल्या विद्यापीठाचे रॅन्डी शेकमन यांचा प्रवेश होतो. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट ते स्वतःच सांगतात. सूक्ष्मदर्शक विकत घ्यावयाचा म्हणून हा मुलगा किरकोळ कामें करून पैसे सांठवीत होता. पण घरांत अडचण पडली कीं त्याची आई त्यांतूनच पैसे काढी. शेवटीं एके दिवशीं स्वारी सायकलवर बसून थेट पोलिस ठाण्यावर गेली. आई पैसे घेते, त्यामुळें सूक्ष्मदर्शक घेतां येत नाहीं, सबब मला घर सोडावयाचें आहे, असें त्यानें तेथील अधिकाऱ्याला सांगितलें. आईवडिलांनीं त्याच दिवशीं गहाणवटीच्या दुकानांतून एक जुना सूक्ष्मदर्शक आणून दिला. ही गोष्ट वाचतांना मला माझ्या मागच्या बांकावरचा तो मुलगा आठवल्यावांचून राहिला नाहीं.

मोठेपणीं शेकमन यांनीं पुटिकांच्या प्रश्नासाठीं यीस्टची निवड केली. पुष्कळांना ही निवड विचित्र वाटली. यीस्टमधील गॉल्जी नीट दिसतसुद्धां नाहीं, मग त्याच्यावर काय शोध लावणार? त्यांचा अनुदानासाठीं केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. परंतु त्यांचा विचार पक्का होता, आणि तो आपण लग्नाच्या पंगतीच्या उदाहरणानें समजून घेऊं. माजघरांत बसलेल्या पाहुण्याला मुदपाकखान्यांतलें कांहीं दिसत नाहीं, आणि सर्व सुरळीत चाललें असतां कोणाचें काम कोणतें हेंही कळत नाहीं. पण भाजी चिरणारा आला नाहीं तर कोऱ्या भाजीचा ढीग पडतो. आचारी गेला तर चिरलेल्या भाजीचा. आणि वाढपी रुसले तर भरलेलीं पातेलीं दारांत सांचतात. ढीग कोठें पडला हें पाहिलें कीं गैरहजर कोण तें समजतें. शेकमन व त्यांचे विद्यार्थी पीटर नॉविक यांनीं यीस्टच्या पेशींत असे एकेक "गडी" गैरहजर केले.

त्यांत मोठी अडचण होती. मालवाहतूक बंद पडली कीं पेशीची वाढ खुंटते. मग अभ्यास करावयाचा कशाचा? म्हणून त्यांनीं असे जनुकदोष शोधले कीं, जे २५ अंश सेल्सिअसच्या सुमारास मुळींच जाणवत नाहींत, परंतु ३७ अंशांवर दोषी प्रथिन निकामी होतें. पेशी थंडाव्यांत वाढवावयाच्या आणि मग ऊब देऊन गाडी अडवावयाची. आतां असंख्य पेशींतून या मोजक्या पेशी निवडावयाच्या कशा? या ठिकाणीं एक साधी युक्ति उपयोगी पडली. अडलेली पेशी प्रथिनें तयार करीतच राहते, पण तिचा बाह्य पृष्ठभाग मात्र वाढत नाहीं. त्यामुळें ती आंतून ठासून भरते व नेहमींपेक्षां घट्ट होते. क्रमाक्रमानें दाट होत गेलेल्या द्रावांत अशा पेशी सोडून पात्र वेगानें फिरविलें, कीं निरोगी पेशी वर राहतात आणि ठासलेल्या पेशी तळाकडे जातात. पाखडून खडे निवडावे तसा हा प्रकार झाला.

१९७९ सालीं या जातीचे पहिले दोष प्रसिद्ध झाले, आणि १९८० पर्यंत एकंदर २३ जनुकें हातीं लागलीं. त्यांना सेक या नांवापुढें अनुक्रमांक देण्यांत आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तों पंगतींतला हिशेब तंतोतंत उतरला होता. कांहीं पेशींत जालिकाच फुगून पसरली होती. कांहींत गॉल्जीच्या विचित्र चकत्या सांचल्या होत्या. आणि सेक-१ दोषाच्या पेशींत तर बाहेर न पडलेल्या पुटिकांची दाटी झाली होती. पुष्कळशा दोषांत तपमान पुन्हां खालीं आणलें कीं सांचलेला माल वाहूं लागे. अर्थात् तो ढीग म्हणजे निरुपयोगी कचरा नसून वाटेंत खोळंबलेला खरा मालच होता. पुढें दोन-दोन दोष एकाच पेशींत आणून पाहिले. आचारी आणि वाढपी दोघेही गैरहजर असले तर ढीग आचाऱ्याच्या पुढ्यांतच पडणार! याच न्यायानें कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून, याचा क्रमही लागला. तात्पर्य, निरोगी पेशीनें जें कधींच उघड केलें नसतें, तें अडलेल्या पेशींनीं सांगितलें.

आतां पुटिका बनते कशी, तें पाहूं. जालिकेच्या पटलावर सार-१ नांवाचें एक लहानसें प्रथिन कळीप्रमाणें काम करतें. कळ दाबली गेली, म्हणजे त्याला योग्य तें ऊर्जाद्रव्य मिळालें, कीं तें आपलें एक टोंक पटलांत रोंवतें आणि पटलाला बांक देऊं लागतें. मग सेक-२३ व सेक-२४ ही जोडी येऊन त्याला चिकटते. यांतील सेक-२४ मालावरच्या खुणा ओळखून कोणता माल भरावयाचा तें ठरवितें. त्यावर सेक-१३ व सेक-३१ यांचा पिंजऱ्यासारखा बाह्य वेढा बसतो. हा वेढा पुरा होतां होतां पटलाचा गोल फुगा होऊन तुटतो. नंतर सार-१ ची कळ सुटते, वेढा गळून पडतो, आणि त्यांतलीं प्रथिनें पुढच्या पुटिकेसाठीं मोकळीं होतात. १९९४ सालीं शेकमन यांच्या प्रयोगशाळेंत हीं शुद्ध केलेलीं प्रथिनें, यीस्टचीं पटलें व ऊर्जाद्रव्य एवढीं सामग्री परीक्षानलिकेंत एकत्र करून पुटिका प्रत्यक्ष बनविण्यांत आल्या.

हें सर्व यीस्टपुरतेंच आहे असें मात्र समजूं नये. सेक-२३ हें प्रथिन आपल्याही पेशींत आहे. २००६ सालीं सौदी अरेबियांतील एका कुटुंबांतल्या दुर्मिळ आनुवंशिक विकाराचें मूळ या प्रथिनाच्या मानवी जनुकांत सांपडलें. या विकारांत मुलाची टाळू वेळेवर भरत नाहीं आणि कवटीच्या हाडांच्या सांध्यांत वैगुण्य राहतें. कारण हाडांच्या घडणीला लागणारा माल पेशींच्या जालिकेंतच अडकून पडतो. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या पेशींची फुगलेली जालिका बर्कलीच्या यीस्टप्रमाणेंच दिसली. घरांतली आजी तान्ह्या मुलाच्या टाळूवर तेल घालते तेव्हां तिच्या बोटाखालीं काय काय घडत असतें, याची आपल्याला कल्पनाही नसते!

पुटिका निघाली, ती योग्य ठिकाणीं थांबते कशी? कोंबाकडे जाणाऱ्या पुटिकेला पेशींतील तंतूंचे दोर रुळांप्रमाणें उपयोगी पडतात. मायोसिन नांवाचें प्रथिन, ज्याचे भाऊबंद आपल्या स्नायूंत आहेत, तें पुटिकेला पाठीवर घेऊन या दोरावरून चालतें. पोंचल्यावर आठ प्रथिनांचें एक मंडळ तिला पटलाजवळ धरून ठेवतें. पुटिकेवर एक प्रथिनाची शेंडी असते व पटलावर तिच्या जोडीच्या शेंड्या असतात. योग्य जोड जमली कीं त्यांची वेणी वळली जाते, दोन्ही पटलें एकमेकांवर दाबलीं जातात, व एकरूप होतात. चुकीच्या दारीं सहसा वेणी जमत नाहीं.

याच प्रश्नाच्या मागें जेम्स रॉथमन हे दुसऱ्या वाटेनें लागले होते. त्यांनीं यीस्ट न घेतां हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी फोडून, त्यांतील गॉल्जी नलिकेंत चालवून दाखविला, आणि पटलें जुळण्यास अवश्य असें एक प्रथिन त्यांतून वेगळें केलें. १९८९ सालीं त्याची रचना ताडून पाहिली, तों तें यीस्टच्या सेक-१८ प्रथिनाचेंच भावंड निघालें. दोन प्रवासी दोन दिशांनीं बोगदा खणीत यावे आणि मधोमध एकमेकांचा आवाज ऐकूं यावा, तशी ही घटना होती. पुढें मेंदूच्या पेशींतही हींच वेणी सांपडली. धनुर्वाताचें विष नेमकी तीच कापून टाकतें, हें १९९२ सालीं दिसून आलें. मज्जातंतूंच्या पुटिकांवर काम करणारे थॉमस सुडहॉफ, रॉथमन व शेकमन अशा तिघांना मिळून २०१३ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पारितोषिकानंतर शेकमन यांनीं आपला तो जुना सूक्ष्मदर्शक स्टॉकहोम येथील नोबेल संग्रहालयास अर्पण केला.

आतां त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. गॉल्जी येतो कोठून? याविषयीं विद्वानांत दोन तट होते, आणि ते समजावयास माझी शाळाच बरी. अशी एक शाळा कल्पा कीं जेथें मराठीची खोली निराळी, गणिताची निराळी, विज्ञानाची निराळी. प्रत्येक खोलींत तो तो मास्तर कायमचा बसलेला. आणि घंटा झाली कीं मुलें उठून पुढच्या खोलींत जातात. पहिल्या तटाचें म्हणणें असें कीं, गॉल्जीच्या चकत्या या अशा कायमच्या खोल्या, संस्कार करणारीं प्रथिनें हे मास्तर, माल म्हणजे मुलें, आणि पुटिका त्यांना एका खोलींतून दुसरींत नेतात. दुसरी शाळा आपल्या ओळखीची: मुलें एकाच वर्गांत बसून राहतात आणि तासागणिक मास्तर बदलतात. दुसऱ्या तटाच्या मतें गॉल्जी या रीतीनें चालतो. माल चकतींतच राहतो. आधींचें काम संपलेलीं प्रथिनें पुटिकांत बसून मागच्या, नव्या चकतींत जातात, आणि त्यांच्या जागीं पुढच्या कामाचीं प्रथिनें येतात. चकतीच अशा रीतीनें प्रौढ होत जाते.

हा वाद पुष्कळ वर्षें चालला, कारण प्राण्यांच्या पेशींतील चकत्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात कीं, एकच चकती धरून तिच्याकडे पाहत बसणें जवळजवळ अशक्य. आणि येथें यीस्टचें वैगुण्य हाच त्याचा गुण ठरला! पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें चवड अशी नसतेच. चकत्या सगळ्या पेशीभर एकेकट्या विखुरलेल्या असतात. म्हणून तर तो गॉल्जी पूर्वीं नीट ओळखूं येत नव्हता. शिकागो येथें बेंजामिन ग्लिक यांच्या व जपानांत अकिहिको नाकानो यांच्या प्रयोगशाळेंत, आरंभींच्या चकतींतील प्रथिनाला हिरवा चमकणारा व शेवटच्या चकतींतील प्रथिनाला तांबडा चमकणारा रंग जोडण्यांत आला, आणि जिवंत पेशींतील एकेका चकतीवर डोळा ठेवण्यांत आला. खोल्या कायमच्या असत्या तर हिरवी चकती हिरवीच राहिली असती. परंतु ती कांहीं मिनिटांत हिरव्याची तांबडी झाली! हिरवे मास्तर गेले, तांबडे आले, आणि वर्ग तोच राहिला. दोन्ही प्रयोगशाळांचे हे निष्कर्ष २००६ सालीं एकाच वेळीं प्रसिद्ध झाले.

यावरून यीस्टमधील गॉल्जीचें जें चित्र उभें राहतें तें असें. जालिकेपासून सुटलेल्या पुटिका एकमेकींना मिळतात आणि त्यांची एक कोरी चकती बनते. आधींच्या चकत्यांकडून निराळ्या वेढ्याच्या पुटिका मागें येतात आणि तिला आरंभींच्या संस्काराचीं प्रथिनें देतात. चकती प्रौढ होते, तिचीं प्रथिनें बदलतात, आणि शेवटीं ती स्वतःच बाहेर जाणाऱ्या पुटिकांत विरून जाते. पिकिया नांवाचें यीस्टचें एक भावंड आहे. त्याच्या जालिकेवर पुटिका निघण्याच्या मोजक्याच ठराविक जागा असतात, आणि प्रत्येक जागेसमोर चकत्यांची सुबक चवड दिसते. उलट पावाच्या यीस्टमध्यें पुटिका जालिकेच्या सर्व भागांतून निघतात, आणि चकत्याही विखुरलेल्या राहतात. तव्याजवळ एकच परात असली तर चवड रचली जाते, दहा ठिकाणीं चुली पेटल्या तर पोळ्याही दहा ठिकाणीं, असाच हा प्रकार दिसतो. प्राण्यांच्या पेशींना हें चित्र कितपत लागू पडतें याविषयीं चर्चा अद्याप संपलेली नाहीं. पण यीस्टमध्यें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट कोणाला नाकारतां येत नाहीं.

राहतां राहिली माझी बाटली. १९२२ सालीं मधुमेहाच्या रोग्याला प्रथम इन्सुलिन देण्यांत आलें, तें जनावरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें होतें, आणि पुढें साठ वर्षें गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांवरच जग अवलंबून राहिलें. १९८२ पासून जंतूंकडून, आणि १९८७ पासून यीस्टकडून मानवी इन्सुलिन मिळूं लागलें. बंगळूर येथें २००४ पासून पिकियाकडूनही तें तयार करण्यांत येऊं लागलें. यीस्ट आपल्या जोडीदाराला बोलावण्यासाठीं एक लहानसें प्रथिन बाहेर सोडतें. त्याच्या पुढें "जालिकेंत शिरा" असें सांगणारा एक तुकडा असतो. शास्त्रज्ञांनीं तो तुकडा इन्सुलिनाच्या पूर्वरूपापुढें जोडला. यीस्ट बिचारें तें आपलाच माल समजून जालिकेंत घेतें, तेथें त्याची घडी नीट बसते, पुटिकेंतून तें गॉल्जींत येतें, शेवटच्या चकतींत केक्स-२ नांवाची कात्री तो जोडलेला तुकडा कापून टाकते, आणि पुटिका इन्सुलिन बाहेर टाकते. कारखान्यांत त्यावर अखेरचा हात फिरवून तें बाटलींत भरण्यांत येतें. रोज सकाळीं मी सुई भरतों तेव्हां मला आतां तो सगळा प्रवास दिसतो.

श्रोतेहो, मागच्या बांकावरचा तो मुलगा आतां चांगला संसारी गृहस्थ झाला असेल. तो कोठें आहे मला ठाऊक नाहीं. कदाचित् तो हें ऐकतही असेल. त्याला माझें सांगणें असें: बाळ, तुझी शंका बरोबर होती, आणि तुझा दाखलाही माझ्यापेक्षां चांगला होता. मी फळ्यावर चवड काढीत होतों, पण ती चवड कोणी एकदां रचून ठेवलेली नाहीं. पंगत चालू असतां पोळ्यांची चवड आपल्याला सारखी तेवढीच दिसते. परंतु तव्यावरून नवी पोळी येत असते आणि जुनी कोणाच्या तरी पानांत पडत असते. पाहणाऱ्याला चवड दिसते, लाटणारीला मात्र पोळी. गॉल्जीच्या पोळ्या जालिका लाटते, त्या कांहीं मिनिटांत वाढल्या जातात, आणि त्यांच्या जागीं दुसऱ्या येतात. तूं विचारलेंस तेव्हां हें मला ठाऊक नव्हतें. "ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं," एवढें मीं तेव्हां म्हणावयास हवें होतें. जे अजून शिकवीत आहेत त्या माझ्या बंधुभगिनींना, आणि ज्यांच्या घरीं प्रश्न विचारणारीं मुलें आहेत त्या सर्वांना एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.